बिनआवाजाची बाराखडी

टिपणीसांना ‘ट’ सहन होत नसे. क, च, त आणि प हीदेखील त्यांच्या मते त्याच गोत्रातली, म्हणजे ठोक्याची अक्षरं. ही अक्षरं उच्चारताना माणूस बोलत नाही, काहीतरी आपटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःच्या आडनावाच्या सुरुवातीलाच ट आणि पाठोपाठ प यावा, हा त्यांना आपल्यावर झालेला अन्याय वाटायचा. “मुळात आमचं घराणंच ठोकाठोकीचं,” असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’नं सुरू व्हायचं.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे आमची तीन मजली सोसायटी होती. टिपणीस आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटकुळे, पँटची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या अगदी कडेवर बसणारे. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर “राहून गेलं” एवढंच म्हणायचे, बँकेतलं एखादं काम राहून जावं तसं. भांडुपच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे पत्रा कापायचं मशीन होतं आणि ते दिवसभर ठाकठाक चालायचं. घरी आल्यावर तरी कानाला ठोका नको, म्हणून त्यांनी एक भाषा तयार केली होती.

हो, भाषा. लोक संध्याकाळी पत्ते खेळतात, बागेला पाणी घालतात. टिपणीस भाषा करत. तिचं नाव लिमोळ. तिच्यात फक्त मऊ अक्षरं होती: म, न, ल, र, व, य, ग, ब, द आणि त्यांचा लाडका ळ. जगातल्या कितीतरी भाषांना ळ नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं, एखाद्या घरात मीठ नसल्यासारखं.

त्या भाषेची रीत त्यांनी मला आमच्याच डब्यावर समजावली होती. मी बँकेतून घरी येत होते, हातात तीन पुडांचा डबा होता. तो घेऊन त्यांनी जिन्यातच उघडला. “हे बघा वहिनी. भात भाताच्या पुडात, आमटी आमटीच्या पुडात, आणि कडी सगळ्यांना मिळून एक. माझा शब्द असा असतो. ‘नाल’ म्हणजे घर. पुष्कळ घरं असली की ‘ळे’. माझी असली की ‘मी’. आतमध्ये म्हणायचं तर ‘दो’. आणि ‘सुद्धा’ला ‘वा’. नालळेमीदोवा! माझ्या घरांमध्येसुद्धा. एकावर एक पूड चढवत जायचं, आतलं काही सांडत नाही.”

“मराठीतही आपण जोडतोच की,” मी म्हटलं.

“जोडता, पण मोडून जोडता. ‘घोडा’ला ‘ला’ लावला की लगेच घोड्याचा चेहरा बदलतो. माझ्या भाषेत घोडा घोडाच राहतो. मुळात अपवाद म्हणजे आळस.”

माझा डबा परत मिळायला बराच वेळ लागला. ते मात्र खूश होते, कारण सबंध बिल्डिंगमध्ये त्यांचं एवढं ऐकून घेणारी मी एकटीच. आमचे हे तर त्यांना पाहिलं की पेपर तोंडासमोर धरायचे. मला त्यांचं कौतुक वाटायचं. कुणी बढती देणार नाही, कुणी टाळी वाजवणार नाही, तरी माणूस रोज संध्याकाळी बसून आपलं काम चोख करतो, ही गोष्ट मला मोठी वाटते. आजही वाटते.

आणखी एक माणूस त्यांचं ऐकायचा, पण तो थट्टा करायला. तळमजल्यावरचे परब. मूळ मालवणकडचे. लालबागच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आयुष्य काढलेलं, गिरणी बंद पडल्यावर मुलुंड स्टेशनबाहेर नारळाचं दुकान टाकलेलं. साच्यांच्या आवाजावर मात करायची सवय लागल्यामुळे परब हळू बोलायचं विसरले होते. ते गेटजवळच्या कट्ट्यावर बसून कुजबुजले तरी तिसऱ्या मजल्यावर कळायचं. आणि त्यांचं वाक्य शिवीशिवाय पुरं होत नसे. नातवाचा पापा घेतानाही आधी शिवी द्यायचे. कुणाला कधी राग आल्याचं मला आठवत नाही. उलट परबांनी शिवी न देता नाव घेतलं की माणूस घाबरायचा, आपलं काही चुकलं की काय म्हणून.

टिपणीस आणि परब रोज संध्याकाळी त्या कट्ट्यावर. एकानं जन्मात शिवी दिलेली नाही, दुसऱ्यानं शिवीखेरीज काही दिलेलं नाही. परब म्हणायचे, “टिपणीसानू, ही भाषा आसा काय म्हशीचो रवंथ? नुसता मऽळऽमऽळऽ. हेच्यात भांडतास कसे?”

“भांडायचं कशाला, परब? मुळात ती भांडायची भाषाच नाही.”

“मगे ती भाषाच न्हय!” असं म्हणून परब असं काही हासडायचे, की टिपणीस रुमालानं चष्मा पुसू लागायचे.

परबांचा खरा मान गणपतीत असायचा. सोसायटीच्या गणपतीची स्थापना झाली की गाऱ्हाणं घालायचं ते परबांनीच. कोकणातली ही रीत आम्ही देशावरच्यांनीही आता आपलीच मानली होती. एक वडीलधारा माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून हुंकार देतात. परबांचं गाऱ्हाणं गेटबाहेर रिक्षा थांबवून लोक ऐकत. “बा देवा गणपती म्हाराजा! ह्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे म्हाराजा!” व्हय म्हाराजा! “वरच्या टाकीत पाणी चढना नाय, तेचो काय तो बंदोबस्त कर म्हाराजा!” व्हय म्हाराजा! “आणि सेक्रेटरीक थोडी अक्कल दी म्हाराजा!” इथे सगळ्यात मोठा हुंकार यायचा, आणि सेक्रेटरी म्हात्रेही त्यात सामील असायचे.

असा तो आवाज. एका वर्षी दिवाळीनंतर तो बसला. परबांनी आधी काढे घेतले, मग मधाचं चाटण, मग गावच्या कुणा वैद्याची मुळी. शेवटी शिमग्याच्या सुमारास शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला खाली एक भोक ठेवलं होतं, श्वास आता तिथून. तोंडाचा आणि छातीचा संबंधच तुटला.

डॉक्टरांनी एक युक्ती शिकवली होती. हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणून तिचा आवाज करायचा. काही जणांना ते छान जमतं म्हणे. परबांनी चार दिवस केलं आणि पाटीवर लिहिलं, ‘माका ढेकरान बोलूचा नाय.’ मग पाटीसुद्धा टाकून दिली. पाटीवर भांडता येत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. आपण लिहून होईस्तोवर समोरचा बोलून मोकळा. दुकानावर भाच्याला बसवलं आणि ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहू लागले. परबकाकू ताटली घेऊन बसायच्या, ते दोन घास खायचे. बिल्डिंग एवढी शांत झाली, की पहिल्यांदाच मला मिठागरांवरचे पक्षी ऐकू आले. मला ते मुळीच आवडलं नाही.

टिपणीस मात्र रोज संध्याकाळी खाली जात राहिले. खाटेजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसायचे, तासाभरानं वर यायचे. एक दिवस वर आले ते थेट आमच्या दारात. चेहरा उतरलेला.

“वहिनी, मी आज नीट ऐकलं. छातीतली हवा नसली तरी तोंडात मावेल तेवढी हवा त्याच्याकडे आहे. चिडला की ‘च्च’ करतो, तो ऐकू येतो. ओठ फोडले की प. जीभ दातावर मारली की त, टाळूवर मारली की ट. मागे अडवून सोडली की क. त्याच्याकडे पाच अक्षरं उरलीत.” पाच बोटं माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “आणि पाचही माझ्या भाषेत नाहीत.”

मी म्हटलं, “मग आता?”

“आता काय. लिमोळ मोडायची.”

हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले, की मला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. माणसं दुसऱ्यासाठी पैसा सोडतात, रजा खर्च करतात, रात्री जागतात, हे मी पाहिलंय. पण ऐन तारुण्यापासून जपलेली हौस मुळापासून उपटून ती दुसऱ्याच्या मापाची करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. ज्या ठोक्यांपासून ते पळत होते, तेच आता घरी आणायचे होते. म, ल, ळ सगळे गेले. स्वरही गेले, कारण स्वराला आवाज लागतो.

त्यांनी साठवलेली रजा काढली. भिंतीतून मला दिवसभर टक, पत्, कच् असे आवाज यायचे. स्वतःचा आवाज बंद ठेवून, श्वास रोखून ते एकेक शब्द करून बघत. गालभर हवेत चार-पाच ठोके मावतात, मग पुन्हा हवा भरावी लागते, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे एका गालभर हवेत एक वाक्य बसायला हवं. इथे त्यांची डब्याची रीत कामाला आली. वस्तूला दोन ठोके, बाकी एकेका ठोक्याला एकेक अर्थ, आणि पुडावर पूड. ‘पक’ म्हणजे पाणी. ‘त’ म्हणजे हवं. ‘च’ म्हणजे नको, कारण नको म्हणताना आपण सगळे ‘च्च’ करतोच. शेवटी ‘प’ आला की मला, ‘क’ आला की तुला. त्यावर ‘ट’ ठेवला की प्रश्न. ‘पकतकट’ म्हणजे तुला पाणी हवं का. ‘पकचप’ म्हणजे मला नको. मी हे आरशासमोर करून पाहिलं तर पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली. टिपणीस म्हणाले, “येईल. मुळात तुम्हाला आवाजाची सवय आहे, ती सोडवत नाही.”

एवढं सगळं करून टिपणीसांनी चूक केली ती अगदी टिपणीसांसारखी. त्यांनी परबांना शिकवायला घेतलं ते ड्रॉइंग घेऊन. प्रत्येक अक्षरासाठी तोंडाचा उभा छेद, जीभ कुठे, दात कुठे, बाण काढून अंतरं दाखवलेली, कोपऱ्यात स्केल. परबांच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी पाच जबडे लागले. काकू मला म्हणाल्या, “बाय माजे, घरात इल्याबरोबर भिया वाटता गो.” रोज तासभर तालीम, आठवड्याला उजळणी. परबांनी मित्राच्या भिडेखातर सोसलं. पाणी, चहा, पंखा, दार, सगळं त्यांना येऊ लागलं. टिपणीस विचारायचे, परब उत्तर द्यायचे. पण आपणहून ते एक शब्द बोलत नसत. शाळेत पट्टी बसेल म्हणून पाढे म्हणावे, तसं ते बोलणं होतं. संध्याकाळी टिपणीस वर आले की परब पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

इकडे श्रावण लागला. गणपतीच्या मीटिंगमध्ये गाऱ्हाण्याचा विषय निघाला. म्हात्रे म्हणाले, “अरे टेन्शन कशाला घेता यार? मागच्या वर्षीचं माझ्याकडे टेप केलेलं आहे ना. कॅसेट लावू, माइक समोर धरू. झकास काम होईल.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बातमी खाली परबांपर्यंत पोचली आणि त्यांनी जेवण सोडलं. काकू जिन्यात मला धरून रडल्या. माणूस जिवंत असताना त्याचा आवाज डब्यात भरून लावायचा, म्हणजे त्याला जिवंतपणी फोटोत घालण्यासारखंच. काकूंनी असं म्हटलं नाही, पण त्यांच्या रडण्यात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी टिपणीसांनी परबांना विचारलं, गाऱ्हाणं आपल्या भाषेत घालायचं का. परबांनी कितीतरी दिवसांनी पाटी मागितली आणि खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं, ‘हेच्यात गाळी खंय आसत? गाळयेशिवाय मी बोलू कसो?’

टिपणीसांना शिवी सुचलीच नव्हती. पाणी सुचलं, पंखा सुचला, औषधाच्या बाटलीला वेगळा शब्द सुचला. पण परबांना ज्याशिवाय श्वास घेता येत नाही, ती गोष्टच त्यांनी बाहेर ठेवली होती.

त्या संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. कान लाल झालेले.

“वहिनी, तुम्हाला काही... म्हणजे मुळात... काही अपशब्द माहीत असतील का?”

“कुठल्या दर्जाचे हवेत?” मी विचारलं.

“सर्व दर्जांचे.”

मी बँकेत काउंटरवर बसते. माझ्याकडे तुटवडा नव्हता. आमचे हे पेपरमागून थक्क होऊन बघत राहिले आणि मी टिपणीसांना चढत्या क्रमानं ऐकवत गेले. ते मान खाली घालून ऐकत होते. मध्येच विचारायचे, “ही रागानं देतात की लाडानं?” मी सांगितलं, बहुतेक दोन्हीसाठी चालतात. त्यावर ते विचारात पडले. एकाच शब्दाचे दोन अर्थ त्यांच्या भाषेत बसत नव्हते.

मग त्यांनी जे केलं ते मला अजून अजब वाटतं. त्यांनी एकही शिवी बनवली नाही. त्यांनी शिवीचं शेपूट बनवलं. क आणि प एकदम, मागे अडवलेली हवा आणि ओठ एकाच वेळी फोडायचे: ‘क्प!’ बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज. ते कशालाही लावा, त्याची शिवी होते. पाण्याला लावा, डॉक्टरला लावा, भिंतीवरच्या जबड्यांना लावा. त्यात आई-बहीण कुणाची येत नाही, हे टिपणीसांचं समाधान, आणि ठोका सणसणीत, हे परबांचं.

मी त्या दिवशी मुद्दाम खाली गेले होते. टिपणीसांनी एकदा करून दाखवलं. परब उठून बसले. त्यांनी गाल फुगवले, डोळे बारीक केले. त्या भाषेत टिपणीसांचं नाव ‘टप’ होतं. परबांनी त्यांच्याकडे रोखून पाहत म्हटलं, “टपक्प!”

खोलीत आवाज घुमला म्हणणार नाही, पण तो आम्हा सगळ्यांना नीट ऐकू आला. परब आपणहून बोलले होते. टिपणीसांना त्यांच्याच भाषेत आयुष्यातली पहिली शिवी बसली होती आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू कुणी त्यांच्या गळ्यात हार घातला. परबांनी पुन्हा म्हटलं, या वेळी हसून. मग फॅनला, मग भाच्याला, मग म्हात्र्यांच्या कॅसेटला. काकू पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

वर येताना टिपणीस जिन्यात थांबले. म्हणाले, “पहिल्यांदा रागानं म्हणाला, दुसऱ्यांदा लाडानं. दोन्ही वेळा शब्द तोच. आता एक अपवाद ठेवावा लागेल.” आणि पुढे, स्वतःशीच, “असू दे.”

त्यानंतर परबांना कुणी शिकवावं लागलं नाही. भिंतीवरचे जबडे उतरले. टिपणीसांनी न बनवलेले शब्द परब स्वतः बनवू लागले आणि टिपणीस ते मान्य करत गेले. गणपतीपर्यंत त्यांचं रोज कडाक्याचं भांडण व्हायला लागलं होतं, आणि परबांच्या खिडकीवरून जाताना भुईमुगाच्या शेंगा फोडल्यासारखा आवाज यायचा.

स्थापनेच्या दिवशी मंडपात माणसं खच्चून भरली होती. म्हात्र्यांनी टेप तयार ठेवला होताच. परब धोतर-सदरा घालून, गळ्यातल्या भोकावर पातळ रुमाल बांधून पुढे आले. टिपणीस त्यांच्या उजव्या अंगाला उभे राहिले. परबांनी नारळ कपाळाला लावला, गाल भरले आणि सुरुवात केली.

माइक नको म्हणून त्यांनी हातानं सांगितलं होतं. मागच्यांना तर काहीच ऐकू गेलं नसेल. पुढे उभ्या असलेल्या आम्हाला ठोके ऐकू येत होते. एक लांब शब्द, मग थांबा. कुणाला कळेना की मागणं झालं की अजून चालू आहे. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. परबांनी मान वर केली नाही, नारळ छातीशी धरून ठेवला. आता कुणी हुंकार दिला नाही तर हा माणूस परत कधी त्या खोलीबाहेर येणार नाही, हे मला लख्ख कळलं होतं.

“व्हय म्हाराजा!”

टिपणीस ओरडले होते. जन्मात कधी आवाज न चढवलेला माणूस, गळ्याच्या शिरा ताणून. मग मी ओरडले, काकू ओरडल्या. दुसऱ्या शब्दानंतर सबंध मंडप ओरडला. पुढे परब बोलत गेले, टिपणीस मान हलवून थांबा दाखवत गेले आणि हुंकार वाढत गेला. बाहेर रस्त्यावर माणसं थांबली. परबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते थांबत नव्हते. एरवीपेक्षा ते गाऱ्हाणं लांबलंच.

म्हात्र्यांनी हळूच टिपणीसांच्या कानाशी लागून विचारलं, “काय म्हणतायत ते? जरा मराठीत सांगा ना.”

“गाऱ्हाणं देवाला घातलंय, म्हात्रे. तुम्हाला नाही,” टिपणीस म्हणाले.

मला मात्र त्यांनी नंतर सांगितलं. टाकीचं पाणी पहिलं होतं, आणि सेक्रेटरीच्या अकलेला शेपूट लावलेलं होतं.

त्यानंतर परबांनी आणखी दोन गणपती पाहिले. मग दुखणं फुप्फुसात उतरलं. शेवटचे काही आठवडे टिपणीस कारखान्यातून सुटले की थेट तिथेच. खाटेला खुर्ची भिडवून, परबांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायचे, कारण ठोके फार बारीक झाले होते. काकू दाराशी तांदूळ निवडत किंवा भाजी चिरत बसलेल्या असायच्या. वर येताना टिपणीसांचे डोळे लाल असत. काय बोलणं झालं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

परब गेले तेव्हा टिपणीस रडले नाहीत. स्मशानातून आल्यावर जिन्यात मला म्हणाले, “बोलणारे दोघं होतो, वहिनी. एकट्यानं बोलतात ती भाषा नव्हे. ते वेड.” आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून भिंतीतून काही ऐकू आलं नाही. लिमोळ तर त्यांनी आधीच मोडली होती. परत जोडायला घ्या ना, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, “तिचं आता काय करू? मऊ लागते.”

तरी संध्याकाळी खाली जायची सवय सुटली नाही. तासभर त्याच खुर्चीवर बसायचे आणि वर यायचे. काकूही काही बोलत नसत.

पुढच्या महिन्यात आम्ही बोरिवलीला राहायला गेलो, त्यामुळे टिपणीसांना मी नीट असं शेवटचं पाहिलं ते जाण्याआधीच्या रविवारी. काकूंचा निरोप घ्यायला गेले होते. टिपणीस खुर्चीच्या कडेवर बसले होते, रिकाम्या खाटेकडे पाहत. काकू आत होत्या. मी स्टुलावर टेकले, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

“टचतकट?”

मला वाटलं भांडं आपटलं. टिपणीसांना तसं वाटलं नाही. ते असे वळले, की चष्मा नाकावरून घसरला. दारात काकू उभ्या होत्या, हातात चहाचं पातेलं. त्यांनी गाल भरून पुन्हा विचारलं, तुम्हाला चहा हवा का.

“तुम्हाला... तुम्हाला कधीपासून येतं हे?”

काकू आता मालवणीत बोलल्या. “दोगे जण रोज माज्या घरात बसान बोलत होतास. माका काय कान नाय?”

“परबला माहीत होतं?”

“सांगूक नाय कधी. सांगलंय असता तर तेंनी बोलणाच सोडल्यानी असता.” पातेल्याकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, “माका उभ्या जल्मात एक बरो शब्द बोलूक नाय तेंनी. कसे बोलतले, पुरुष माणूस. तुमका मात्र माज्याविषयी सांगत होते. शेवटी शेवटी तर रोज सांगत होते. मी थय दाराकडे बसान सगळा आयकलंय.”

“सगळं?”

“सगळा.”

टिपणीसांनी चष्मा काढला. आता मात्र ते रडले, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखे. काकू थांबून राहिल्या. घाई त्यांना नव्हतीच. मग टिपणीसांनी ओठ मिटले, गाल भरायचा प्रयत्न केला. रडणारा माणूस हवा धरू शकत नाही. दोनदा नुसताच श्वास सुटला. तिसऱ्यांदा जमलं.

“टचतप.” मला चहा हवा.

काकूंनी मान हलवली आणि आणखी काहीतरी बोलल्या, चांगलं लांबलचक. ते मला कळलं नाही. टिपणीसांनी त्यावर काही उत्तर दिलं, काकूंनी जाता जाता पाठमोऱ्याच ठोक्यांत काही सुनावलं आणि त्या स्टोव्ह पेटवायला आत गेल्या. मी निघाले तेव्हा टिपणीस खुर्ची उचलत होते. तिथून ठोके नीट ऐकू येत नाहीत म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवली आणि ते तिच्यावर पाठ टेकून, ऐसपैस बसले.